कोऱ्या पिंपातली लड

रंगघराच्या मागच्या अंगणात दोन लाकडी पिंपं शेजारी शेजारी उभी असत. दोन्हींत नितळ पाणी, दोन्ही सारख्याच उंचीची, एकाच सुताराच्या हातची. डावीकडचं खंगाळायचं पिंप. सूत रंगवण्याआधी आणि रंगवून झाल्यावर त्यात बुडवून काढायचं, पिळायचं, वाळत घालायचं. उजवीकडचं कोरं पिंप. त्याच्याकडे लोक नवे कपडे घालून, लाजत, घाम पुसत येत. ज्या दोघांना एका छपराखाली राहायचं असेल, त्यांनी सुताची एक पांढरी लड त्या पाण्यात बुडवायची आणि दोन टोकांना दोघांनी धरून पिळायची. पाण्यात रंगाचा टिपूस नसे, तरी पीळ चढेल तसा सुतावर रंग चढे. कुणाचा पिकल्या लिंबाचा, कुणाचा ओल्या पाटीचा, कुणाचा नुसता दुधात पाणी मिसळल्यासारखा. दोन जोड्यांचा रंग कधी एकसारखा निघाला नव्हता. त्या लडीचा बोटभर तुकडा पंचांच्या नमुनावहीत चिकटवला जाई. वहीत तुकडा नसेल, तर त्या शहरात दोघांना एका दाराची किल्ली कुणी देत नसे.

ही करामत पाण्याची की लाकडाची, यावर जुने कामगार तासन् तास वाद घालत. रंगघराची मालकीण म्हणजे आत्या. तिच्या मते लाकडाची. पाणी ती स्वतःच नळाने भरायची, त्यात काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आत्या फक्त एकीचीच आत्या, तिच्या भाचीची. पण सगळं शहर तिला आत्याच म्हणे. भाचीला सगळे मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी आणि उचलायची मात्र आपल्या दुप्पट ओझं. सतरा वर्षांची होती, कोपरापर्यंत हात निळे, आणि बोलण्याच्या बाबतीत कुणाच्या बापाला न भिणारी. सहा महिन्यांपूर्वी तिच्या जोडीला कामाला आली दोरवाल्यांची मुलगी. ती इतकी उंच की पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं, आणि संध्याकाळपर्यंत तिचं नाव शिडी पडलं. मुंगी आणि शिडी. कामगार म्हणायचे, आत्या, आता एक भिंत आण म्हणजे चित्र पुरं होईल.

रंगघरात एक नियम होता. कामाचं सूत एकट्याने पिळायचं, एक टोक भिंतीतल्या लोखंडी आकड्याला अडकवून. दोघांच्या हातांनी पिळायची ती फक्त कोऱ्या पिंपातली लड. नियम पाळला जाई कारण आकडा होता. आणि त्या दिवशी आकडा नव्हता. सकाळी खटकन तुटला आणि लोहाराकडे गेला. इकडे शाळांच्या गणवेशाचं सूत खोळंबलेलं. चाळीस पांढऱ्या लडी खंगाळून दुपारपर्यंत निळ्या कढईत जायला हव्या होत्या.

शिडी म्हणाली, दे दुसरं टोक इकडे, मी काय आकड्यापेक्षा कमी आहे का. मुंगीने विचार केला, हे तर खंगाळायचं पिंप, त्यात कसली भीती. ती एका विटेवर चढली, कारण नाहीतर लड तिच्याकडे उतरती होऊन सगळं पाणी तिच्या बाहीत शिरायचं. शिडीने गुडघे थोडे वाकवले. तरी उंचीचा मेळ बसेना, दोघी हसत राहिल्या. पिळताना शिडी काहीतरी गुणगुणत असे, तिथल्या तिथे जोडलेलं. त्या दिवशी तिने जोडलं:

एक टोक तुझ्या हाती, एक टोक माझ्या हाती
मधे सूत, मधे पाणी, मधे कशाची गं भीती

मुंगी म्हणणार होती की यमक बरं जमलंय, पण चाल रडकी आहे. तेवढ्यात तिचं लक्ष लडीकडे गेलं.

लडीला रंग चढत होता. मधून सुरू होऊन दोन्ही टोकांकडे, दोघींच्या बोटांकडे. लाल म्हणावा तर लाल नाही, हिरवा म्हणावा तर नाही. तापलेल्या तांब्यावर पाण्याचा थेंब पडून उडाला की तिथे क्षणभर एक डाग राहतो, कडेला मोरपंखी आणि आत उजळ. तो डाग कुणीतरी उचलून सुतात भरावा तसा तो रंग.

दोघींनी एकदमच खाली पाहिलं. पिंपाला लोखंडी कड्या चार होत्या. खंगाळायच्या पिंपाला तीन असतात. आदल्या दिवशी दोन्ही पिंपं रिकामी करून घासली होती आणि परत जागेवर लोटताना मुंगीने डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे उभं केलं होतं. कड्या मोजायचं काम तिचं. तिने जागा पाहिली, कड्या पाहिल्या नाहीत.

कुणीही टोक सोडलं नाही. लडीतून पाणी ठिबकत राहिलं. शिडीचे कान लाल झाले होते. ती म्हणाली की आता पिंपाने चहाडी केलीच आहे तर लपवून काय उपयोग. तिला वाटलं होतं हे फक्त तिच्याच बाजूने आहे. मुंगी म्हणाली, एका बाजूने पीळ चढत नाही, एवढं तर सहा महिन्यांत शिकायला हवं होतंस. आणि चेष्टा तिथे संपली.

आत्याने लड पाहिली. बराच वेळ पाहिली. पिंपं कुणी लोटली, एवढंच विचारलं. मग म्हणाली की रंग सुंदर आहे आणि तो कपाटात ठेवा, कुणाच्या दृष्टीला पडू देऊ नका. पन्नास वर्षं सूत रंगवलेल्या रंगारणीने दिलेला सल्ला होता तो, आणि मायेने दिलेला. दोघींनी तो ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी लड कागदात गुंडाळून नमुनावहीच्या कचेरीत गेल्या.

वही सांभाळणारे पंच सगळ्यांना वहीवाले म्हणून माहीत. सभ्य माणूस. आवाज कधी चढायचा नाही, बोटांना सतत खळ लागलेली. त्यांनी चष्मा पुसून रंग पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं की मुंगीला वाटलं, काम झालं. मग त्यांनी विचारलं की मुलगा कुठे आहे. शिडीने सांगितलं की मुलगा नाही, आम्हीच दोघी आहोत. वहीवाल्यांनी लड टेबलावर ठेवली, जसं गरम भांडं ठेवतात. वहीत रकाने दोन, म्हणाले, एक वराचा, एक वधूचा. तिसरा रकाना नाही, आणि एकाच रकान्यात दोन नावं बसत नाहीत. मुंगीने पाहिलं, रकाना चांगला वीतभर रुंद होता. तिने तसं सांगितलंही.

पंचांचा निकाल संध्याकाळी आला. पिंप घासताना काहीतरी बिघडलं, रंग चुकून चढला. चुकीचा रंग उतरवावा लागतो. आठ दिवसांनी, दुपारी बारा वाजता, सगळ्यांसमोर. नाहीतर रंगघराला टाळं.

रंग उतरवणं म्हणजे काय हे शहरात पोरासोरांनाही माहीत होतं. ज्यांचं आपसांत पटेनासं होई, ते दोघं आपली लड घेऊन येत. राखेच्या पाण्यात ती बुडवायची आणि ज्या दोघांनी पीळ चढवला त्यांनीच तो उलटा फिरवून उतरवायचा. पीळ उतरला की रंग जायचा आणि रंगाबरोबर जे होतं तेही जायचं. भांडण नाही, दुःख नाही, आठवणसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ती दोघं रस्त्यात समोरासमोर आली तर, सरका जरा, म्हणून पुढे जायची. दुखावलेल्या माणसांसाठी ती सोय होती. आजवर कुणाला जबरदस्तीने करायला लावली नव्हती.

ते आठ दिवस दोघींना भेटू दिलं नाही. शिडीला तिच्या वडिलांनी कामावरून काढून घरी बसवलं, म्हणजे बसवलं नाही, दोर वळायला उभं केलं. दोरवाले वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. बायको गेल्यापासून ही एकच लेक, आणि लोकांची तोंडं कशी बंद करायची हे त्यांना येत नव्हतं. मुंगी रोज कामावर उभी राहायची आणि दिवसातून शंभरदा दाराच्या चौकटीकडे पाहायची. तिला झोप लागे, भूक लागे, सगळं लागे. फक्त एक प्रश्न पाठ सोडत नव्हता: आठ दिवसांनी त्या चौकटीतून कुणी वाकून आत आलं आणि मला ती नुसतीच एक उंच मुलगी वाटली, तर?

सातव्या दिवशी तिने आत्याला विचारलं की रंगघर बंद पडलं तर तू काय करशील. आत्या निळी कढई ढवळत होती. तिने ढवळणं थांबवलं नाही.

"राख मी कालवीन," आत्या म्हणाली. "तेवढं मला सांगितलंय. हात तुझे आहेत."

आठव्या दिवशी बाराच्या आधीच अंगण भरलं. मधोमध राखेच्या पाण्याचं घमेलं, वर करडा फेस. वहीवाले वही काखेत घेऊन आले होते. दोरवाले लेकीच्या दंडाला धरून आले. शिडी आठ दिवसांत वाळली होती. दोर वळून हातांना फोड आले होते. चौकटीतून येताना ती वाकायला विसरली नाही, हे मुंगीने पाहिलं.

वहीवाल्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की यात शिक्षा काही नाही, उलट सुटका आहे. आणि मुंगीने आत्याचा विचार करावा. म्हातारपणी तिचं रंगघर जावं असं कुठल्या भाचीला वाटेल. यावर आत्या म्हणाली, "माझ्या नावाने तिला भीती घालू नका. घालायची तर मी घालेन."

दोघी घमेल्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. लड बुडवली, उचलली. तांब्यावरचा तो डाग उन्हात असा उजळला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना पुढे काढल्या.

पिळण्याचं गणित साधं असतं. दोघींनी आपापल्या उजवीकडे फिरवलं की पीळ चढतो. दोघींनी डावीकडे फिरवलं की उतरतो. एकीने उजवीकडे आणि दुसरीने डावीकडे फिरवलं, तर काहीच होत नाही. लड नुसती जागच्या जागी गरगरत राहते.

मुंगीने आठ दिवसांत ठरवलं होतं. तिने मनगट उजवीकडे वळवलं.

लड गरगरली.

तिने पुन्हा वळवलं. लड पुन्हा गरगरली. पीळ ना चढला ना उतरला. म्हणजे समोरून शिडी डावीकडे फिरवत होती. उतरवत होती. मुंगीने तिच्याकडे पाहिलं तर शिडीची मान खाली, डोळे मिटलेले, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. आत्याचं रंगघर नाही, पंच नाहीत, तिला त्या क्षणी काही दिसेना. तिच्या मनात आलं, हिला नको असेल तर मी कोण धरून ठेवणारी? आणि तरी तिचं मनगट उजवीकडेच वळत राहिलं. आपल्या टोकाने खोटं बोलणं तिच्याने होईना.

तिसऱ्यांदा लड गरगरली तेव्हा शिडीचे हात थांबले. रंगघरात सहा महिने काढलेले हात होते ते. सुताने काय सांगितलं ते त्यांना कळलं. तिने डोळे उघडले.

"तू हो म्हणाली होतीस ना?" तिने अगदी हळू विचारलं.

"कुणाला?"

"बाबा म्हणाले. आत्याचं घर वाचावं म्हणून तू कबूल झालीस."

"मला कुणी विचारलंच नाही," मुंगी म्हणाली. "विचारलं असतं, तर हे एवढं अंगण भरायची वेळ आली नसती."

शिडीने वडिलांकडे वळून पाहिलं. दोरवाल्यांनी नजर खाली घातली. खोटं त्यांनी तिला वाचवायला सांगितलं होतं, आणि आता ते सगळ्यांदेखत त्यांच्या पायाशी पडलं होतं. वहीवाल्यांनी सौम्यपणे आठवण करून दिली, मुलींनो, डावीकडे.

"ऐकू आलं," शिडी म्हणाली. आणि तिने आपलं टोक उजवीकडे फिरवलं.

पीळ चढला. दोघींनी पुन्हा फिरवलं, आणि पुन्हा. कुणी धावत पुढे आलं, तेव्हा आत्या नुसती त्यांच्या वाटेत उभी राहिली. सूत आवळत गेलं, कुरकुरलं, गाठीगाठीने स्वतःवरच वळलं. शिडीचे फोड फुटले. मुंगीच्या खांद्यातून कळ गेली. रंग गडद होत होता आणि त्याचे थेंब खाली राखेच्या पाण्यात पडत होते. ज्या पाण्याने आजवर प्रत्येक रंग गिळला होता, ते पाणी करड्याचं मोरपंखी झालं. दोघींनी थांबून धापा टाकल्या तेव्हा लड इतकी घट्ट झाली होती की ती आता दहा माणसांच्याने उलगडली नसती. मुंगीने ती वहीवाल्यांसमोर धरली, तुकडा कापून घ्या म्हणाली. वहीवाल्यांनी वही काखेतून काढलीसुद्धा नाही. पण ते निघाले तेव्हा त्यांचे बूट फरशीवर सांडलेल्या पाण्यातून गेले, आणि रस्ताभर त्यांच्या पावलांचे मोरपंखी ठसे उमटत गेले.

टाळं मात्र लागलं नाही. आत्याने पंचांना शांतपणे विचारलं की शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे पडदे आणि तुमच्या स्वतःच्या टोप्या कुठे रंगवून घेणार. बंद करा हवं तर, फिरा सगळे पांढरे. पंचांनी आपसांत कुजबूज करून फक्त कोऱ्या पिंपाला शिशाचा शिक्का ठोकला. राखेचं पाणी आत्याने तीनदा बदललं. तीनदा मोरपंखी झालं. चौथ्यांदा तिने घमेलंच पालथं घालून ठेवलं. त्यात आता कुणाचा रंग उतरणार नव्हता.

खोली शोधायला दोघी निघाल्या, लड हातात धरून, भर बाजारातून. किल्ली मिळणार नाही हे माहीत होतं, तरी तीन गल्ल्यांतलं एकही दार त्यांनी सोडलं नाही. शिडी म्हणायची, नाही म्हणायचं तर आमच्या तोंडावर म्हणा, सराव होऊ दे. काही दारं आपटली. एका म्हातारीने बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि मग नाही म्हणाली. शेवटी त्या रंगघराच्या माळ्यावर राहिल्या, सुताच्या गाठोड्यांमधे. माळ्याला दारच नव्हतं, त्यामुळे किल्लीचा प्रश्नच मिटला. शिडीला तिथे ताठ उभं राहता येत नसे. मुंगी म्हणायची, चला, निदान घरात तरी आपण सारख्या उंचीच्या.

लड त्यांनी अंगणात वाळत घातली नाही. रस्त्याच्या बाजूला घातली, अशी की कामावर जाणाऱ्याला मान वळवल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. पहिल्या आठवड्यात कुणीतरी ती चिखलाने माखली. धुतली तर रंग होता तसाच. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी बांधलेली दोरीच कापली. त्या दुपारी दोरवाले आले. कुणाशी बोलले नाहीत. कापलेली दोरी हातात घेऊन पाहिली, असल्या सुतळीवर कुणी काही टांगतं का म्हणून पुटपुटले, आणि खांद्यावरून स्वतःच्या हातचा, तीन पदरी, अंगठ्याएवढा जाड दोर उतरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. निघताना शिडीच्या फोडांवर लावायला तेलाची बाटली खिडकीत ठेवून गेले.

महिन्याभराने एका सकाळी चष्म्याच्या दुकानातल्या दोघी आल्या. एक काचा घासायची, दुसरी काड्या जोडायची. दोघींनी साठी ओलांडलेली. शहर त्यांना मावसबहिणी समजे, कारण त्यांनी कधीकाळी तसं सांगितलं होतं आणि चेहरे जुळत नसले तरी कुणी खोलात गेलं नव्हतं. काचावालीने पिशवीतून सुताची लड काढली. पांढरी, पण घड्यांवर पिवळी पडलेली. बत्तीस वर्षं कपाटात होती, काडीवाली म्हणाली, आणि मग एवढ्या मोठ्या बाईचं तोंड लहान मुलीसारखं कसनुसं झालं. पिंपाला शिक्का आहे हे त्यांना माहीत होतं. पाहून जावं म्हणून आलो, म्हणाल्या.

मुंगीने शिक्क्याकडे पाहिलं. शिसं, तार, आणि वर पंचांची खूण. तो तोडला तर या वेळी नुसत्या शिक्क्यावर भागणार नाही, हे तिला माहीत होतं. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या कढईशी पाठमोरी उभी होती.

"पक्कड खिळ्याला आहे," आत्या वळून न बघता म्हणाली.

शिडीने हात लांबवून पक्कड काढली. तार तुटायला एक झटका पुरला. मुंगीने झाकण उचललं, पाणी महिनाभर अंधारात राहूनही नितळ होतं. म्हाताऱ्या दोघी संकोचून उभ्या, हात कुठे ठेवावे ते कळेना. शिडीने त्यांच्या हातांत एकेक टोक दिलं. रस्त्यावरून माणसं जात होती, काही थबकली होती, त्यांत पंचांचा शिपाईही होता. काचावालीने त्याच्याकडे पाहून विचारलं की दार लावून घ्यायचं का.

"नको," मुंगी म्हणाली. "उघडंच राहू द्या. आता दोघींनी आपापल्या उजवीकडे फिरवा."